आयर्लंडमधील कॅथलिक प्राथमिक शाळा आणि संस्कारपूर्व धर्मशिक्षण (इ.स. १८३१ ते २०१८) : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :

कॅथलिक धर्मजीवनात सात संस्कार मानले जातात. त्यांपैकी प्रायश्चित्त, ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) आणि दृढीकरण हे तीन संस्कार सामान्यतः बाल व कुमारवयात स्वीकारले जातात आणि त्यांसाठी बालकाची पूर्वतयारी आवश्यक समजली जाते. ही तयारी आई-वडिलांनी करून घ्यावयाची, धर्मग्रामाने की शाळेने, हा प्रश्न वरकरणी धार्मिक वाटतो. परंतु शाळा सार्वजनिक निधीवर चालत असेल तर तोच प्रश्न राज्यसंस्था, धर्मसंस्था आणि पालक यांच्या परस्परसंबंधांचा होतो. आयर्लंडमध्ये शिक्षकांचे वेतन शासन देते, तर सुमारे नऊ-दशांश प्राथमिक शाळांचे आश्रयदातेपण कॅथलिक बिशपांकडे राहिले आहे. त्यामुळे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी तो देश विशेष उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात या संबंधांच्या जडणघडणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

राष्ट्रीय शाळांची मूळ योजना :

अठराव्या शतकात कॅथलिकांवर लादलेल्या दंडात्मक कायद्यांमुळे त्यांच्या शिक्षणावर निर्बंध होते. त्या काळात आडबाजूला, प्रसंगी कुंपणाच्या आडोशाला भरणाऱ्या शाळांतून मुले अक्षरओळखीबरोबर धर्मप्रश्नोत्तरीही शिकत. इ.स. १८३१ मध्ये ब्रिटिश शासनाचे आयर्लंडविषयक मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी राष्ट्रीय शाळांची योजना मांडली. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची मुले एकत्र शिकावीत, हा तिचा हेतू होता. साहित्यिक व नैतिक शिक्षण सर्वांना एकत्र आणि धर्मशिक्षण मात्र पंथानुसार वेगळ्या वेळी, अशी तिची रचना होती. या योजनेचा खरा आधार म्हणजे वेळापत्रकात उभी केलेली भिंत होय. धर्माचा तास कोणता हे निश्चित असल्यामुळे त्या तासाला न बसण्याचा पर्याय पालकांना प्रत्यक्षात वापरता येत होता.

कॅथलिक नेतृत्वात या योजनेविषयी एकमत नव्हते. डब्लिनचे आर्चबिशप डॅनियल मरे यांनी ती स्वीकारली व ते स्वतः शिक्षण आयुक्तही होते. याउलट ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल यांनी तिला कडाडून विरोध केला. 'ख्रिश्चन ब्रदर्स' या शिक्षणकार्य करणाऱ्या संघाने धर्माचरणावरील मर्यादा अमान्य करून इ.स. १८३६ मध्ये या व्यवस्थेतून अंग काढून घेतले. तथापि शाळांचे व्यवस्थापन हळूहळू स्थानिक धर्मगुरूंच्या हाती एकवटत गेले. परिणामी कागदोपत्री मिश्र असलेली व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत व्यवहारात पंथनिहाय झाली. भिंत नियमात कायम होती. परंतु तिच्या दोन्ही बाजूंना एकाच पंथाची मुले होती.

इ.स. १९१० चा आदेश आणि त्याचे परिणाम :

इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकवय प्राप्त झालेल्या प्रत्येकास वर्षातून एकदा तरी पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद बंधनकारक केला होता. पुढे पापनिवेदनासाठी एक वय आणि ख्रिस्तप्रसादासाठी त्याहून मोठे वय अशी प्रथा अनेक देशांत रूढ झाली. प्रथम ख्रिस्तप्रसाद दहाव्या, बाराव्या, क्वचित त्याहून मोठ्या वयात दिला जाई. पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत ८ ऑगस्ट १९१० रोजी प्रसिद्ध झालेल्या 'क्वाम सिंग्युलारी' या आदेशाने ही प्रथा दोषास्पद ठरविली आणि सुमारे सातवे वर्ष हे दोन्ही संस्कारांसाठी विवेकवय मानले. बालकाला संपूर्ण धर्मसिद्धान्त अवगत असण्याची अट राहिली नाही. त्याने श्रद्धेची मूलतत्त्वे आपल्या कुवतीनुसार जाणावीत आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर व नेहमीची भाकर यांतील भेद ओळखावा, एवढे पुरेसे मानले गेले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बालक तयार आहे किंवा नाही, याचा निर्णय आदेशाने मुख्यत्वे वडील आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू यांच्याकडे सोपविला होता. म्हणजे निर्णय व्यक्तिगणिक व्हावयाचा होता. परंतु वय सात ठरताच तो संस्कार आपोआप शाळेच्या एका विशिष्ट इयत्तेशी जोडला गेला. आयर्लंडमध्ये सात-आठ वर्षांची मुले दुसरीत असतात. त्यामुळे प्रथम पापनिवेदन व प्रथम ख्रिस्तप्रसाद हे दुसरीच्या वर्गाचे आणि दृढीकरण हे सहावीच्या वर्गाचे सामुदायिक कार्यक्रम बनले. घराला अधिकार देणाऱ्या आदेशाची अंमलबजावणी अशा रीतीने शाळेमार्फत झाली. पांढऱ्या पोशाखातील मुलींची रांग हे कॅथलिक आयर्लंडचे परिचित दृश्य झाले. त्यामागील दैनंदिन परिश्रम मात्र वर्गशिक्षिकेचे होते.

भिंत कोसळते :

स्वातंत्र्यानंतर इ.स. १९३७ च्या संविधानाने सार्वजनिक निधी घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसता शिकण्याचा बालकाचा हक्क मान्य केला. मात्र इ.स. १९६५ च्या राष्ट्रीय शाळांच्या नियमावलीने धर्मशिक्षणास सर्व विषयांत अग्रस्थान दिले आणि शाळेचे संपूर्ण कार्य धार्मिक भावनेने प्रेरित असावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्यानंतर इ.स. १९७१ चा बालककेंद्री अभ्यासक्रम आला. सर्व विषय परस्परांत गुंफावेत हे त्याचे सूत्र होते. शैक्षणिक दृष्टीने ते प्रागतिक होते. घोकंपट्टीची प्रश्नोत्तरी मागे पडण्यासही ते पोषक ठरले. परंतु याच सूत्रामुळे धर्म व इतर विषय यांतील वेळापत्रकाची भिंत उरली नाही. गीत, चित्रकला आणि भाषा यांतही संस्काराची तयारी मिसळू लागल्यावर वेगळे बसण्याचा सांविधानिक हक्क नेमका कोणत्या वेळी बजावावयाचा, हे सांगणे कठीण झाले. संस्काराच्या वर्षी वर्गातील बहुसंख्य मुले ज्या सोहळ्याच्या तयारीत गुंतलेली असत, त्याकडे काही मुले मागच्या बाकावरून पाहत राहत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश समाज बहुविध होत गेला तसा हा ताण वाढला. इ.स. १९७८ मध्ये डॉकी येथे बहुधर्मीय शाळा सुरू झाली. इ.स. २०११ मध्ये शाळांच्या आश्रयदातेपणाचा विचार करण्यासाठी शासनाने मंच नेमला व त्याचा अहवाल इ.स. २०१२ मध्ये आला. धर्मशिक्षणास अग्रस्थान देणारा नियम इ.स. २०१६ मध्ये रद्द झाला. इ.स. २०१८ च्या प्रवेशविषयक कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा निकष लावण्यास मनाई केली. जनगणनेनुसार कॅथलिकांचे प्रमाण इ.स. २०११ मध्ये ८४ टक्के होते, ते इ.स. २०२२ मध्ये ६९ टक्क्यांवर आले.

भारतीय संदर्भ :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे, तर अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत संमतीविना कोणासही धर्मशिक्षणास बसविता येत नाही. मुंबई, वसई किंवा गोवा येथील कॅथलिक शाळांत अन्यधर्मीय विद्यार्थीही मोठ्या संख्येने शिकतात. आपल्याकडे संस्कारांची तयारी प्रामुख्याने धर्मग्रामातील रविवारच्या वर्गांतून होते. ज्या व्यवस्थेकडे वळण्याची चर्चा आयर्लंडमध्ये होत आली, ती भारतातील कॅथलिक समाजाच्या दीर्घकाळ अंगवळणी पडलेली आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शाळेने संस्कारांची तयारी करून घेणे हा धर्मसिद्धान्ताचा अपरिहार्य भाग नसून विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीचे फलित आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही इ.स. १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांनाच प्रथम व प्रमुख शिक्षक म्हटले आहे. दुसरी, सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य केवळ संविधानात नोंदवून भागत नाही. ते वर्गाच्या वेळापत्रकात दिसावे लागते. स्टॅन्ली यांच्या योजनेत अनेक उणिवा होत्या. परंतु हे मर्म तिने ओळखले होते. सात वर्षांच्या बालकाला हक्क कळत नाही. त्याला कळते ते इतकेच, की आपण वर्गात आहोत की वर्गाबाहेर.