कीटकरोगकारक बुरशी

कीटकरोगकारक बुरशी म्हणजे कीटकांच्या शरीरात वाढून त्यांना रोग जडवणारी व अखेरीस मारणारी बुरशी होय. शेतकरी तिला 'मित्रबुरशी' असेही म्हणतात. भाजीपाला पिकांच्या जैविक कीडनियंत्रणात तिचा वापर होतो. महाराष्ट्रात नाशिक जिल्हा हे कांदा व टोमॅटोचे प्रमुख उत्पादनक्षेत्र असून, तेथील हवामानात या बुरशीचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही बाबी स्पष्ट होतात.

इतिहास

इटालियन संशोधक अगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो, हे सिद्ध केले. त्या बुरशीला पुढे त्यांच्याच नावावरून बिव्हेरिया बॅसियाना असे नाव मिळाले. १८७९ मध्ये इल्या मेचनिकोव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध मेटारायझियम ही हिरवी बुरशी वापरण्याची कल्पना मांडली.

कार्यपद्धती

जिवाणूजन्य व विषाणूजन्य कीटकनाशके सामान्यतः किडीच्या पोटात जावी लागतात. बुरशी मात्र थेट त्वचेतून शिरते. म्हणून पाने न कुरतडता केवळ रस शोषणाऱ्या किडींवरही ती परिणामकारक ठरते. बीजाणू त्वचेला चिकटून अंकुरतात आणि प्रथिने, मेद व कायटिन यांचे विघटन करणारी विकरे स्रवून आत प्रवेश करतात. शरीरद्रवात बुरशी वाढते व विषद्रव्ये तयार करते. कीड साधारणपणे काही दिवसांत ते आठवडाभरात मरते. हवा दमट असल्यास मृत किडीवर बुरशीची वाढ दिसते. बिव्हेरियाची वाढ पांढरी, तर मेटारायझियमची हिरवी असते.

प्रमुख प्रजाती

* बिव्हेरिया बॅसियाना : फळ पोखरणारी अळी, पांढरी माशी, फुलकिडे.
* मेटारायझियम ॲनिसोप्ली : हुमणी व जमिनीतील इतर किडी.
* लेकॅनीसिलियम लेकॅनी (पूर्वीचे नाव व्हर्टिसिलियम लेकॅनी) : मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ही बुरशी 'फुले बगीसाईड' या नावाने उपलब्ध केली आहे.

नाशिक जिल्ह्यातील वापर

बीजाणूंच्या अंकुरणाला भरपूर आर्द्रता व सुमारे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. खरीप टोमॅटोच्या हंगामात अशी हवा सहज मिळते. परंतु तीच हवा करपा रोगालाही पोषक असल्याने पिकावर बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके रोगकारक बुरशीबरोबर मित्रबुरशीलाही मारतात. म्हणून दोन्ही एकत्र मिसळत नाहीत व दोन फवारण्यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवतात.

उन्हाळ कांद्यात अडचण उलट असते. फुलकिडे कोरड्या व उष्ण हवेत वाढतात, तर बुरशीला ती हवा मारक ठरते. शिवाय फुलकिडे पानांच्या बेचक्यात दडून बसतात आणि कांद्याच्या मेणचट पातीवर द्रावण टिकत नाही. त्यामुळे द्रावणात चिकटद्रव्य मिसळून, पिकास पाणी दिल्यानंतर सायंकाळी फवारणी करणे हितकारक असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासूनही त्यामुळे बीजाणूंचा बचाव होतो. फुलकिड्यांची कोषावस्था बहुधा मातीत जात असल्याने जमिनीत मेटारायझियम देण्याचाही उपयोग होऊ शकतो.

फायदे व मर्यादा

बुरशीमुळे भाजीपाल्यावर रासायनिक अवशेष राहत नाहीत. काढणीच्या काळात आणि निर्यातीच्या मालासाठी ही बाब विशेष महत्त्वाची असते. मात्र तिचा परिणाम सावकाश दिसतो. प्रादुर्भाव वाढल्यावर फवारल्यास पीक वाचेलच असे नाही, म्हणून सुरुवातीलाच व पुन्हा पुन्हा फवारणी करावी लागते. बिव्हेरिया रेशीमकिड्यांनाही मारते, त्यामुळे तुतीच्या बागेजवळ ती वापरणे टाळावे लागते.

ही उत्पादने जिवंत असल्याने उष्णतेत साठवल्यास निकामी होतात. भारतात त्यांची नोंदणी कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये होते. खरेदीच्या वेळी वेष्टनावरील जिवंत बीजाणूंचे प्रमाण व अंतिम मुदत पाहणे आवश्यक असते.