मैलामैलाचा हिशेब

मे १८३९. नैर्ऋत्य वेल्समधल्या एव्हाइलवेन इथे टोलचं फाटक जमावाने रात्री फोडून टाकलं. हल्ला करणारे पुरुष होते, पण अंगात बायकांचे कपडे आणि तोंडाला काळं फासलेलं. त्यांच्या म्होरक्याला 'रिबेका' म्हणत. बायबलमधल्या रिबेकाला आशीर्वाद मिळतो, की तुझे वंशज शत्रूंची दारं ताब्यात घेतील. नाव त्यावरून पडलं असं मानतात.

तिथली जमीन आम्लधर्मी. पीक यायचं तर शेतात चुना टाकावा लागे आणि तो भट्टीवरून गाडीने आणावा लागे. रस्ते वेगवेगळ्या ट्रस्टच्या ताब्यात, प्रत्येकाची फाटकं वेगळी. एका खेपेत अनेकदा पैसे मोजावे लागत. १८४३ मध्ये हे बंड शिगेला पोहोचलं. त्याच वर्षी हेंडीच्या नाक्यावर सारा विल्यम्स ही वृद्ध टोलवाली मारली गेली. ट्रस्टच्या हिशेबाशी तिचा संबंध तो काय? शेवटी सरकारने आयोग नेमला आणि १८४४ च्या कायद्याने चुन्यावरचा टोल निम्मा झाला.

इतक्या जुन्या गोष्टीत मी का शिरलो? कारण नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ब्रिटन सरकारने जाहीर केलं, की एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स भरावे लागतील. आणि त्यावर वाहनचालक जे बोलतात, त्यातलं बरंचसं आधी बोलून झालेलं आहे.

मूळ कल्पना वाईट नाही. १९६४ मध्ये रुबेन स्मीड यांच्या समितीने सरकारी अहवालात मांडलं होतं, की गर्दीच्या रस्त्यावर गाडी आणणारा इतरांचा वेळ खातो, त्याची किंमत त्याने द्यावी. २००३ मध्ये लंडनने शहराच्या मध्यभागी शिरायला दिवसाला ५ पौंड लावले आणि ते टिकलं. पण एडिनबराने २००५ मध्ये आणि मँचेस्टरने २००८ मध्ये अशाच योजना सार्वमतात फेटाळल्या. दोन्हीकडे विरोधी मतं ७० टक्क्यांहून जास्त!

दरम्यान २००५ मध्ये देशभर मैलागणिक आकारणीचा विचार पुढे आला. रिकाम्या रस्त्यावर २ पेन्स, ऐन गर्दीत १ पौंड ३४ पेन्सपर्यंत. त्याविरुद्ध पंतप्रधानांच्या वेबसाइटवरच्या याचिकेवर २००७ मध्ये १८ लाखांवर सह्या पडल्या. आक्षेप मुख्यतः दोन. पेट्रोलवर कर भरतो, म्हणजे जास्त चालवणारा आधीच जास्त देतो. मग पुन्हा कशाला? आणि माझी गाडी कधी कुठे होती, हे सरकारला का कळावं?

पहिला आक्षेप इलेक्ट्रिक गाडीने मोडीत काढला. तिला पेट्रोल लागतच नाही, म्हणून तर हा नवा कर.

तिसरी तक्रार मात्र शिल्लक राहते: पैसे रस्त्यावर खर्च होतील कशावरून? लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या बजेटमधून वाहनकराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवायची पद्धत सुरू झाली. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्या निधीत हात घातला आणि १९३७ पासून तो पैसा सरळ सरकारी तिजोरीत जाऊ लागला.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर सगळ्यात रोचक वाटतं. नव्या योजनेत जीपीएस नाही. मालकाने वर्षाचा अंदाज सांगायचा आणि नंतर ओडोमीटरचा आकडा तपासायचा. डिझाइन म्हणून हे मागासलेलं वाटेल. गर्दीचा रस्ता आणि ओसाड रस्ता यातला फरक त्याला कळत नाही, म्हणजे स्मीड यांचा मूळ हेतूच हुकतो. वेल्सच्या खेड्यात, जिथे बस क्वचित येते, तिथल्या माणसालाही लंडनएवढाच दर. पण जो डेटा गोळाच केला नाही, तो फुटत नाही आणि कुणी मागूही शकत नाही. त्या १८ लाख सह्यांचं एवढं फळ मला दिसतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्क नियमांत बदल झाला. उपग्रहाने अंतर मोजून टोल घेता येईल आणि असं यंत्र बसवलेल्या गाडीला दिवसाला २० किलोमीटर मोफत, अशी तरतूद झाली. नाक्यावरची रांग संपली तर मलाही हवीच आहे. पण उद्या ती डबी गाडीत बसवताना तुम्ही-आम्ही दोन गोष्टी विचारायला हव्यात: पैसा कुठे जाणार, आणि माझ्या प्रवासाची नोंद किती दिवस, कुणाकडे राहणार? नाका निदान डोळ्यांना दिसत होता.