आईचे निरीक्षण आणि मिठाचे पाणी

शाळा सुरू होऊन आठवडाही झालेला नसतो आणि एखाद्या मुलाचे आईवडील येऊन सांगतात, "याला दूध आणि गव्हाचे काही देऊ नका. कुणाच्या डब्यातली पोळीसुद्धा नको." मूल स्वमग्न असते. ते फारसे बोलत नाही, नजर देत नाही, बाक बदलला तरी अस्वस्थ होते. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या दप्तरात जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची डबी असते. या पथ्याने नेमके काय साधते, असा प्रश्न आपल्या मनात येतो. पण पालकांचा चेहरा पाहून तो विचारवत नाही.

आहार बदलला की मुलाचे वागणे आणि बुद्धी बदलेल, ही कल्पना मुळात वेडगळ नाही. तिच्यामागे एक खरी घडलेली गोष्ट आहे. आपण आधी ती पाहू.

हिरवी झालेली परीक्षानळी

नॉर्वेमध्ये बोर्ग्नी एगेलंड नावाच्या बाईंना दोन मुले होती. जन्मली तेव्हा दोघेही ठीक दिसत. पुढे मात्र दोघांचीही वाढ खुंटली. बोलणे नाही, समज नाही. शिवाय दोघांच्याही अंगाला एक कुबट वास येई. आईने डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. वासाचे कारण कोणी सांगू शकले नाही. १९३४ मध्ये त्या आस्ब्यर्न फॉलिंग यांच्याकडे पोचल्या. ते डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रज्ञही.

फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले. ही त्या काळची नेहमीची तपासणी. पण द्रावण नेहमीसारखे न दिसता गडद हिरवे झाले. मुलांची सगळी औषधे थांबवून पुन्हा तपासले, तरी हिरवेच. मग आई लघवी आणून देत राहिली आणि फॉलिंग तिच्यातून तो अनोळखी पदार्थ वेगळा काढत राहिले. तो निघाला फिनाइलपायरुव्हिक आम्ल. पुढे त्यांनी संस्थांमधल्या ४३० जणांची तपासणी केली, तेव्हा आणखी आठ जणांच्या लघवीत तोच पदार्थ सापडला.

आपण खातो त्या प्रथिनांमध्ये फिनाइलॅलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. काही मुलांच्या शरीरात त्याचे पुढे रूपांतर करणारे विकर जन्मतःच काम करत नाही. मग ते रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. या आजाराला आज आपण फिनाइलकीटोनुरिया म्हणतो. वेळेवर उपचार न मिळालेल्या अशा काही मुलांत स्वमग्नतेसारखी लक्षणेही दिसतात. म्हणजे रोजच्या अन्नातला एक घटक मुलाच्या मनावर घाला घालू शकतो, हे इथे सिद्ध झाले.

काढले, आणि परत घातले

कारण कळले, पण उपाय सापडायला आणखी सतरा वर्षे गेली. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात हा आजार असलेली सतरा महिन्यांची एक मुलगी आली. तिला बसता येत नव्हते, उभे राहता येत नव्हते. ती डोके आपटत राही. होर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरांनी आजार ओळखला. पण आईला निदानात रस नव्हता. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि विचारी, उपाय काय?

बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी दुधातल्या केसीनचे विघटन केले, त्यातले फिनाइलॅलनिन कोळशाच्या साहाय्याने काढून टाकले आणि उरलेल्या भागापासून मुलीचा आहार बनवला. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली. डोके आपटणे थांबले. केस काळसर झाले.

इथे कोणीही म्हणाले असते, गुण आला. पण डॉक्टरांना शंका होती. मुलगी या काळात वाढलीही होती, आणि सगळ्यांचे लक्षही आता तिच्यावर होते. फरक पथ्याचाच कशावरून? म्हणून त्यांनी आईच्या नकळत आहारात पुन्हा फिनाइलॅलनिन मिसळले. सहा तासांत मुलगी रडू लागली, डोके आपटू लागली. एका दिवसात तिला उभे राहता येईना. दहा महिन्यांत कमावलेले जवळजवळ सगळे गेले. पुढे आईच्या संमतीने हा प्रयोग रुग्णालयात पुन्हा करून पाहिला, आणि निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. आईला न सांगता असे करणे आज नीतीला धरून मानले जाणार नाही. पण काढून पाहणे आणि परत घालून पाहणे या दोन पायऱ्यांमुळे शंकेला जागा उरली नाही.

त्या मुलीच्या मेंदूची झालेली हानी मात्र भरून निघाली नाही. पथ्य जन्मल्यापासून हवे होते. ते शक्य झाले रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, की आजार ओळखता येतो. १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने आवश्यक केली. तेव्हापासून वेळेवर पथ्य मिळालेली हजारो मुले इतर मुलांसारखी शिकली, मोठी झाली.

स्वमग्नतेचे काय?

१९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नता हे वेगळे निदान मांडले. यांतल्या अनेक मुलांच्या खाण्याच्या तक्रारी तान्हेपणापासून होत्या, हे त्यांनी तेव्हाच टिपले होते. पण पुढची वीस वर्षे चर्चा झाली ती आईच्या वागण्याची. आई थंडपणे वागते म्हणून मूल मिटून जाते, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले.

बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी हा आरोप खोडून काढला आणि स्वमग्नतेचे मूळ शरीरात शोधायला हवे असे सांगितले. पालकांवर त्यांचे हे मोठे उपकार आहेत. मूळ शरीरात असेल तर उपाय ताटात का नसावा? फिनाइलकीटोनुरियाचे उदाहरण तर डोळ्यांसमोर होते.

रिमलंड यांनी ब-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचवले. १९७८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी १६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला; ब-६ थांबवल्यावर वागणे बिघडले असे त्यात दिसले. पण ब-६ ने गुण आला असे ज्यांच्याबाबत आधीच वाटत होते, अशीच मुले त्यात निवडलेली होती. २००५ मध्ये सर्व पुरावा तपासला, तेव्हा निकषांत बसणारे तीनच छोटे अभ्यास निघाले, आणि त्यांवरून शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष निघाला. जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. ब-६ फार मोठ्या प्रमाणात घेत राहिल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, हे १९८३ पासून माहीत आहे.

दूध आणि गहू आले ते दुसऱ्या वाटेने. १९७९ मध्ये याक पँक्सेप यांनी स्वमग्न मुलांचे वागणे आणि अफूजन्य औषधे दिलेल्या प्राण्यांचे वागणे यांत साम्य दाखवले. गव्हातले ग्लुटेन आणि दुधातले केसीन अर्धवट पचले, तर अफूसारखे काम करू शकणारे तुकडे तयार होतात, हेही त्याच सुमारास प्रयोगशाळेत दिसले होते. नॉर्वेमध्ये काल रायशेल्ट यांनी स्वमग्न मुलांच्या लघवीत असे तुकडे सापडतात असा दावा केला. पुन्हा नॉर्वे आणि पुन्हा लघवी! गोष्ट पटण्यासारखी होती. परंतु २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ६५ स्वमग्न मुलग्यांची लघवी अधिक अचूक पद्धतीने तपासली, तेव्हा असे तुकडे आढळले नाहीत.

मिठाचे पाणी

मधल्या काळात एक धडा मिळाला. सिक्रेटिन हे आतड्यातून स्रवणारे संप्रेरक. ते अन्न किंवा गोळी नव्हे. स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी ते शिरेतून टोचतात. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन स्वमग्न मुलांना पोटाच्या तपासणीसाठी ते दिले आणि काही आठवड्यांत ती नजर देऊ लागली, अधिक बोलू लागली, असे वृत्त आले. दूरचित्रवाणीवर ते झळकले आणि पालकांची रीघ लागली.

१९९९ मध्ये एड्रियन सँडलर आणि सहकाऱ्यांनी ६० मुले घेऊन चाचणी केली. काहींना सिक्रेटिन टोचले, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. चार आठवड्यांनी मुले सुधारलेली दिसली. दोन्ही गटांतली, सारखीच! आणि निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होता.

पालक खोटे बोलत नव्हते. मिठाच्या पाण्याने सुधारणा दिसते याची कारणे आपल्याला वर्गात रोज भेटतात. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणारे मूल पुढच्या चाचणीत बहुधा थोडे वर जाते, शिकवणी लावली नाही तरी. पालकही उपाय शोधतात ते सर्वांत वाईट आठवड्यात. मूल वाढत असते, शिकत असते. आणि आशेने पाहणाऱ्याला एरवी न दिसणारी नजर दिसते.

पुन्हा बर्मिंगहॅमचाच प्रयोग

दूध-गव्हाच्या पथ्याला बर्मिंगहॅमची कसोटी लावली तर? २०१६ मध्ये अमेरिकेत सुसान हायमन आणि सहकाऱ्यांनी तेच केले. १४ स्वमग्न मुलांना आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काटेकोर पथ्यावर ठेवले. मग कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी काहीच न घातलेला खाऊ दिला. कुठला खाऊ कशाचा, हे घरच्यांना ठाऊक नव्हते. फिनाइलॅलनिनने एका दिवसात त्या मुलीला खाली आणले होते. इथे वागण्यात, झोपेत, पोटाच्या तक्रारींत काहीच फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे. एखाद्या मुलाला वेगळा अनुभव येणारच नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. पण सर्व स्वमग्न मुलांना हे पथ्य द्यावे, याला आधार मिळत नाही.

डब्यापाशी

मग ताटाकडे लक्ष द्यायचेच नाही का? उलट, अधिक द्यायचे; फक्त प्रश्न बदलून. स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात, असे २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसले. त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिनेही कमी पडतात. काही मुले दोन-तीनच पदार्थ खातात. स्पर्श, वास, रंग किंवा चवीत थोडा बदल झाला तरी घास नाकारतात. क जीवनसत्त्व न मिळाल्याने स्कर्व्ही झालेल्या मुलांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा मुलाच्या ताटातून दूध आणि पोळी काढली, तर उरते काय? शाकाहारी घरात तर कॅल्शियमचा मोठा भाग दुधातूनच येतो. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे अपेक्षेपेक्षा पातळ आढळली, आणि दूध बंद असलेल्यांत ती आणखी पातळ होती.

ज्या मुलाला गव्हाने खरोखर त्रास होतो, म्हणजे सिलिअॅक आजार आहे, त्याला गहू बंदच हवा. पण तो तपासणीनंतर, आणि त्यानंतर कायमचा. रक्तात लोह कमी असेल तर लोह द्यायलाच हवे. न बोलणारे मूल एकाएकी चिडखोर झाले तर पोट दुखते आहे का, शौचाला होते का, हेही पाहायला हवे.

शिक्षक म्हणून आपण पथ्य सुचवू नये, आणि चालू असलेले पालकांच्या नकळत मोडूही नये. डब्यात काय आले, काय खाल्ले, काय परत गेले, याची महिनाभर नोंद ठेवणे आपल्याला जमते. यादी आक्रसत असेल तर ती वही पालकांना दाखवून बालरोगतज्ज्ञाकडे न्यायला सांगावी. नवा उपाय सुरू झाला असेल, तर त्याच आठवड्यात आणखी काय बदलले, हेही त्या वहीत लिहावे. बोर्ग्नी एगेलंड यांना वास आधी आला होता आणि त्यांचे म्हणणे खरे निघाले, कारण कोणीतरी ते ऐकून घेतले आणि नंतर तपासले. पालकांचे ऐकून घेणे आणि नीट नोंद ठेवणे, ही दोन्ही कामे आपल्या हातची आहेत.