अफगाण चर्चमध्ये सामान्य सैनिकांची नावं का नाहीत?

मुंबईत कुलाब्याचं सेंट जॉन चर्च ‘अफगाण चर्च’ म्हणूनच ओळखलं जातं. १८३८ ते १८४३ दरम्यान सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांमध्ये मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेलं हे चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. आत अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. सामान्य सैनिकांची मात्र नाहीत. ते इतके होते की नावं देणं शक्य नाही, असं तिथल्याच लेखात म्हटलंय.

पहिल्या महायुद्धात हा विचार बदलला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने हुद्दा न पाहता प्रत्येकाचं नाव कोरण्याचं तत्त्व स्वीकारलं. त्यामुळेच पुण्याच्या खडकी वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६००हून अधिक कबरींमध्ये शिपाई आणि अधिकाऱ्याचा दगड सारखाच दिसतो.