हास्यक्लबाची वाटचाल

हास्यक्लबाची सुरुवात १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील उद्यानात झाली. ती करणारे डॉ. मदन कटारिया त्या काळात आरोग्यविषयक मासिकाचे काम पाहत होते. हसण्याच्या औषधी गुणांवर लेख लिहिताना अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांचा अनुभव त्यांच्या वाचनात आला. मोठ्या दुखण्यात विनोदी चित्रपट पाहून कझिन्स यांना वेदनेपासून आराम मिळाला होता. १९७९ साली त्यांचे त्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखावर न थांबता प्रयोगच करून पाहावा, असे कटारियांनी ठरवले. पहिल्या सकाळी जेमतेम पाच जण जमले.

प्रारंभी रिंगणातला प्रत्येक जण विनोद सांगत असे. पंधरवड्यातच चांगले विनोद संपले. अश्लील आणि कोणाला तरी टोचणारे विनोद सुरू झाले, तशी नाराजी पसरली. तेव्हा कटारियांनी विनोदच वगळले. खोटे खोटे हसायला लागले तरी समोरच्याकडे पाहून थोड्या वेळात खरे हसू येते, हा अनुभव त्यांनी पाया मानला. योगशिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या साहाय्याने या हसण्याला दीर्घश्वसनाची जोड मिळाली आणि हास्ययोग आकाराला आला. जानेवारी १९९८ मध्ये मुंबईत पहिला जागतिक हास्यदिन झाला. पुढे तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी साजरा होऊ लागला.

महाराष्ट्रात या क्लबांना खरा आधार दिला तो निवृत्तांनी. पूर्वी गावातला पार, देवळाचा ओटा, भजनी मंडळ आणि चाळीचा व्हरांडा ही म्हातारपणीची हक्काची बैठक होती. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, मुले नोकरीसाठी दूर गेली आणि बंद दारांमागे दिवस मोठा वाटू लागला. हास्यक्लबाला साहित्य लागत नाही, खर्च नगण्य असतो आणि तेथे कोणी हुद्दा विचारत नाही. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा उद्यानोद्यानी उभ्या राहिल्या. घरकामात आयुष्य गेलेल्या अनेक स्त्रियांना त्यामुळे सकाळचा एक तास स्वतःचा म्हणून मिळाला.

सत्राची रीत साधी असते. सगळे गोलात उभे राहतात. बोटे आणि तळवे जुळतील अशा टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’ म्हणतात. मग नमस्ते हास्य, लस्सी हास्य, मोबाईल हास्य असे प्रकार होतात. लस्सी हास्यात दोन काल्पनिक पेले धरून लस्सी एकातून दुसऱ्यात ओतायची आणि शेवटी मान मागे टाकून, पेला तोंडाला लावून मोकळे हसायचे. सत्राच्या शेवटी वाढदिवस, नातवंडांची खबरबात आणि चहा. दोन दिवस कोणी दिसले नाही, तर त्याच्या घरी फोन जातो.

क्लबाचे मोल सोबतीच्या या शेवटच्या भागातही मोठे आहे. तेहरानमधील नैराश्यग्रस्त वृद्ध स्त्रियांवरील एका अभ्यासात, २०११ साली, हास्ययोग आणि सामूहिक व्यायाम या दोहोंनी नैराश्य कमी झाल्याचे आढळले. दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. जीवनाविषयीचे समाधान मात्र हास्ययोगाच्या गटात स्पष्टपणे वाढले. माणूस एकटा असताना क्वचितच हसतो, चारचौघांत कितीतरी अधिक हसतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी निरीक्षणातून दाखवले होते. त्यामुळे हसणे आणि सोबत यांचे फायदे वेगवेगळे मोजणे अवघड ठरते.

२०२० च्या टाळेबंदीत उद्याने बंद झाली, तेव्हा अनेक गट मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. हास्ययोग मात्र औषधोपचाराची जागा घेत नाही. हर्निया, तीव्र हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच त्यात भाग घ्यावा. अंथरुणाला खिळलेले आणि जवळ उद्यान नसलेले वृद्ध या वर्तुळाबाहेरच राहतात. सोबतीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. त्यांच्या दारापर्यंत पोहोचणे हे या चळवळीपुढचे मोठे काम आहे.