मंडईतल्या वाहनतळांनी शिकवलेलं, मेढ्यासाठी

मेढ्याच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही, ही तक्रार आता रोजची झाली. "एखादं मोठं वाहनतळ बांधा" हे वाक्यही कानावर येतं. म्हणून थोडा इतिहास.

पुण्याची मंडई १८८६ ची. तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना या खर्चाला महात्मा फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. पुढं मंडईला नाव त्यांचंच मिळालं! शेजारी १९१५ साली आर्यन सिनेमा सुरू झाला. लोक पायी, टांग्यानं यायचे. पुढं थिएटर पडलं आणि त्याच जागेवर वाहनतळ उभं राहिलं. जिथं सिनेमा लागायचा तिथं गाड्या लागायला लागल्या. जवळच मिनर्व्हाचंही तेच झालं.

मग लक्ष्मी रोड मोकळा झाला का? नाही. सम-विषम तारखेचं पार्किंग आहेच. २०१८ मध्ये महापालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं, पण विरोध झाला आणि ते अडकलं. कारण साधं आहे. दुकानाच्या दारात फुकट जागा मिळत असेल, तर पैसे भरून वरच्या मजल्यावर कोण जाईल?

हे जगभर घडलंय. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३५ साली पहिलं पार्किंग मीटर बसलं, ते दिवसभर एकाच गाडीनं जागा अडवू नये म्हणूनच.

शिवाय वाहनतळाची इमारत म्हातारी होते. पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजते. जावळीतला पाऊस तर आपल्याला माहितीच आहे. बांधायला एकदा निधी येईल, डागडुजीला दरवर्षी कोण देणार?

मेढा तालुक्याचं गाव. खेड्यातली म्हातारी माणसं एसटीनं येतात, स्टँडवरून कचेरीला, बँकेत, बाजारात चालतच जातात. त्यातच सातारा-महाबळेश्वर रस्त्याची वर्दळ. गाड्या कडेला लागल्या की ही माणसं रस्त्याच्या मधून चालतात.

पुण्यानं २०२१ च्या ११ डिसेंबरला पादचारी दिन केला, लक्ष्मी रोडचा काही भाग चालणाऱ्यांना दिला. इतकी वर्षं गेल्यावर त्यांना जे सुचलं, ते आपण आधीच करू शकतो. आधी चालायची कड आखा, दुकानापुढं थांबायला वेळ ठरवा, दिवसभराच्या गाड्यांना बाहेर मोकळं मैदान द्या. एवढं करूनही कमी पडलं, तर इमारतीचं बोलू.

तुम्हाला काय वाटतं? नगरपंचायतीपुढं हे मांडायचं का?