जयंतीचे पाहुणे

एप्रिल उजाडला की वारज्यात हायवेच्या पुलापासून आत येणाऱ्या रस्त्याला फ्लेक्स लागायला सुरुवात होते. वर कोपऱ्यात बाबासाहेब, मधोमध हात जोडलेला कुणीतरी 'भावी नगरसेवक', आणि खाली पसाभर चेहरे. एका साली आमच्या वस्तीतल्या पोरांनी एका फ्लेक्सवरची तोंडं मोजली. बाबासाहेब धरून एकोणतीस भरली. त्यात आमच्या वस्तीतला एकच, तो पण खालून दुसऱ्या ओळीत.

रात्री दहाच्या सुमाराला पाहुण्याची गाडी येते. डीजे थांबतो. पाहुणा हार घालतो, त्रिशरण चालू असताना ओठ हलवतो, 'जयभीम' म्हणताना मूठ कशी वळायची ते शेजारच्याकडं बघून घेतो. मग शाल, मग फोटो, मग 'तुमचे आमचे घरचे संबंध'. घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटं. त्या दिवशी माझी आत्या स्टेजच्या पायरीशी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत सातबाऱ्याचे उतारे. "दादा, येवढं बघा की जरा." दादा म्हणाला, "आत्या, ऑफिसला या." कुठल्या ऑफिसला, कधी, ते काय बोलला नाही. गाडी गेली. डीजे सुरू झाला.

त्या दादाचं नाव इथं लिहीत नाही. असले दादा पक्ष बदलतात, आपल्या फ्लेक्सचा रंग बदलतात, नाव लिहून काय होणार? मला हिशेब लावायचाय तो वेगळा. जयंतीच्या स्टेजवर पाहुणा कधीपासून आला, आणि आत्याची पिशवी स्टेजखाली कधीपासून राहिली?

आधी एक कबूल करतो. पाहुणा येणं म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. आज्ज्याच्या काळात वारजं हे मुठेकाठचं गाव होतं, हवेली तालुक्यातलं. काम असलं तर वेशीतून हाक यायची. हाक आली की पळायचं. गावातल्या माणसाचं पाऊल आमच्या अंगणात पडत नव्हतं. म्हणून पहिल्यांदा एक टोपीवाला पुढारी घरी येऊन चहा प्याला तेव्हा आज्ज्यानं तो कप महिनाभर वेगळा ठेवला. विटाळ म्हणून नाही, मान म्हणून. हसायचं त्यानं हसावं. मला अजून हसू येत नाही.

जयंती ही आपल्या पुण्याचीच. १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती पुण्यात केली. बाबासाहेब तेव्हा सदतीस वर्षांचे. महाडच्या तळ्याचं पाणी चाखून जेमतेम वर्ष झालेलं. आपल्यातल्या बहुतेकांना तेव्हा मताचा हक्कच नव्हता, ज्याच्याकडं मिळकत त्यालाच मत. मग मतासाठी दारात येणार तरी कोण?

आणि त्याच्या सव्वीस दिवस आधी, १९ मार्च १९२८ ला, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं होतं. ही दोन सालं एकच आहेत हे आपण विसरलो. १८७४ च्या कायद्यानं महार हा वतनदार होता. म्हणायला वतनदार. चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी, बदल्यात तुकडाभर इनाम जमीन, चिरीमिरी पगार आणि दारोदारचं बलुतं. तो आजारी पडला, परगावी गेला, तर त्याच्या जागी घरातल्या माणसानं राबायचं. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं : काम ठरवून द्या, पगार रोख द्या, बलुत्याच्या जागी पैसा घ्या, आणि ज्याला ह्यातून सुटायचंय त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करू द्या. कौन्सिलानं बिलाची अशी वाट लावली की १९२९ त त्यांना ते मागं घ्यावं लागलं.

म्हणजे जयंती आणि जमिनीची मागणी एकाच वसंतात जन्मली. एक वाढली. दुसरीचं काय झालं ते आत्याला विचारा.

बरं, मोठ्या माणसानं आपल्या मांडवात यायचं म्हणजे कसं यायचं, ह्याचा एक दाखला आपल्याकडं आहे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला शाहू महाराज आले. छत्रपती होते, त्यांना कुणाचं मत नको होतं. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं त्यांनी आंबेडकरांकडं बोट करून सांगितलं, हे आपण दरसाल भाषणात ऐकतो. पण भाषणात एक सांगायचं राहतं. त्याआधी दोन वर्षं, १९१८ ला, त्यांनी कोल्हापूर संस्थानातली महार वतनं मोडून जमिनी रयतावा करून दिल्या होत्या. आधी जमीन दिली, मग मांडवात आले. हा क्रम ध्यानात ठेवा.

आता येरवड्याला जाऊ. वारज्यावरून वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते आणि पुढं येरवड्याकडं जाते. तिथल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्डच्या निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, आणि दोन मतं. एक मत आपला माणूस निवडायला, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींचं उपोषण सुरू झालं आणि करारात जागा वाढल्या, १४८ झाल्या, त्यातल्या मुंबई इलाख्याला १५. पण दुसरं मत गेलं, आणि आपला माणूस फक्त आपणच निवडायचा, हेही गेलं.

ह्या दुसऱ्या मताचं मोल बाबासाहेबांनी नंतर पुस्तकात लिहून ठेवलं. त्यांचा मुद्दा असा की ते मत असतं तर सवर्ण उमेदवाराला आपल्या दारात यावंच लागलं असतं, आणि तो आला तरी आपला स्वतःचा प्रतिनिधी आपल्याच हातात राहिला असता. तुम्हीच बघा. आज जो पाहुणा जयंतीला येतो तो त्या दुसऱ्या मताचा पाहुणा आहे. पण पहिलं मत आपल्याकडं उरलेलं नाही. पाहुणा आला, घरचा माणूस गेला. राखीव जागेवर उभा राहणारा आपल्या जातीचा असला तरी त्याला निवडून आणायला आपली मतं पुरत नाहीत, आणि पाडायला आपण लागत नाही.

हे नुसतं तोंडाचं गणित नव्हे. करारात अशी पद्धत होती की आधी फक्त अस्पृश्यांनी मत देऊन चार जण निवडायचे, मग सगळ्यांनी मिळून त्यातला एक. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची माणसं पहिल्या फेरीत आपल्या मतांवर वर यायची आणि दुसऱ्या फेरीत आपटायची. बाबासाहेबांनी तो हिशेब कॅबिनेट मिशनपुढं ठेवला, कुणी ऐकला नाही. मग जुलै १९४६ मध्ये फेडरेशननं पुण्यात, कायदेमंडळाचं अधिवेशन चालू असताना, सत्याग्रह केला. पुणे करार रद्द करा ही मागणी. शेकड्यांनी लोक तुरुंगात गेले. मार्च १९४७ मध्ये घटना समितीपुढं ठेवलेल्या निवेदनातही त्यांनी लिहिलं की अनुसूचित जाती ह्या अल्पसंख्याकच आहेत, त्यांना स्वतंत्र मतदारसंघ द्या. तेही झालं नाही. १९५२ ला मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा पडले. घटना लिहिलेला माणूस मतपेटीत हरला. त्याच माणसाच्या फोटोला हार घातल्याशिवाय आज कुणाचा फॉर्म भरून होत नाही.

बाबासाहेब स्वतः दुसऱ्याच्या जयंतीला पाहुणे म्हणून गेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १८ जानेवारी १९४३, पुण्यातला गोखले हॉल, न्यायमूर्ती रानड्यांची १०१ वी जयंती. समोर पुण्याचे शहाणेसुरते बसलेले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातला मजूर खात्याचा माणूस, गोडगोड बोलून हार स्वीकारून परत जाता आला असता. तसं नाही केलं. रानड्यांना मोठं म्हटलं, का मोठं ते कारण देऊन म्हटलं, गांधी आणि जिना यांच्या अहंकारावर बोलले, वर्तमानपत्रांवर बोलले, आणि विभूतिपूजेवर असे तुटून पडले की ऐकणारा पुढल्या जयंतीला हार घालताना थबकला असेल. दुसऱ्या दिवशी छापील शिव्या खाल्ल्या. पाहुणा असा असतो. तासभर बोलतो, आणि यजमानाला पटणार नाही तेही बोलतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात आपलीही इज्जत फार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आपली माणसं निवडून आली. तेव्हा जवळ आलेले सगळेच मतावर डोळा ठेवून आले असं म्हणणं अन्यायाचं होईल. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला आचार्य अत्रे जे बोलले ते मतासाठी नव्हे. पण १९६७ ला पक्षाच्या एका गटानं काँग्रेसशी हातमिळवणी केली, आणि तिथून पुढं गट फुटत गेले. एक गट, एक पुढारी, एक साहेब. जयंतीही गटागटानं निघायला लागली. जिथं एक मांडव होता तिथं तीन झाले, आणि तीन मांडवांना तीन पाहुणे लागले.

मग पँथर आली. जानेवारी १९७४ ची मध्य मुंबईची पोटनिवडणूक. ५ तारखेला वरळीच्या बीडीडी चाळीत सभा, मतदानावर बहिष्काराची हाक, सभेवर दगड, पोलिसांच्या लाठ्या, मग दंगल. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. आणि मतमोजणीत? काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत दिलं तेव्हा कधी दिसलं नाही, मत राखलं तेव्हा दिसलं. त्यानंतर आपल्या वस्त्यांत गाड्यांची वर्दळ वाढली ती काही प्रेमानं नाही.

पण मी मघाशी म्हटलं तसं, दोन्ही बाजू बघायला हव्यात. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलती गेल्या. चौतीस वर्षं अर्ज, मोर्चे. १९९० ला, जन्मशताब्दीच्या तोंडावर, व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं भारतरत्न दिलं, संसदेत तैलचित्र लावलं, आणि त्याच साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा कायदा केला. ते सरकार कुबड्यांवर उभं होतं, त्याला मतं हवी होती. म्हणून काय कायदा खोटा ठरतो? माझ्या भावाची नोकरी त्यावर झाली. हाराबरोबर कागद आला, तर हार चालतो. आणि नामांतर? विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, पाटी बदलली १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली, आणि त्या सोळाही वर्षांत १४ एप्रिलला हार चुकला नाही.

१९९७ हे साल आमच्या लक्षात राहिलं ते दोन कारणांनी. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा जण गेले. पुढल्याच वर्षी लोकसभेला सगळे गट एक झाले आणि चार रिपब्लिकन, चारही खुल्या जागेवरून, निवडून आले. ती एकी वर्ष दोन वर्षं टिकली. आणि त्याच १९९७ ला वारजं पुणे महापालिकेत गेलं. सोसायट्या उठल्या, जमिनीला भाव आला. आता खडकवासला विधानसभा आणि बारामती लोकसभा. लोकसभेचं मतदान २०१४ ला १७ एप्रिलला होतं, २०१९ ला २३ एप्रिलला, २०२४ ला ७ मेला. जयंती नेमकी प्रचाराच्या ऐन भरात. एरवी रमजानला टोपी घालणारा, नाताळाला केक कापणारा, तोच माणूस १४ तारखेला निळा फेटा बांधून येतो. सरकारदरबारी १९९३ पासून बौद्धही अल्पसंख्याकांच्या यादीत आहेत, तेव्हा तिन्ही ठिकाणचं भाषणही एकच चालतं. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, निवडणूक लांबत गेली. त्या काळात नगरसेवक नव्हते पण 'भावी' इतके झाले की खांब पुरेनात.

आणि पिशवी? वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं गेली. जमीन परत मिळाली ती पैसे भरून आणि नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय, नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. शर्त आपल्या भल्यासाठी होती. पण शहर जवळ आलं तसं विसार, साठेखत, कुलमुखत्यारपत्र असे कागद गरिबाच्या अंगठ्यावर झाले. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा कुठं पुण्याच्या पेपरवाल्यांना कळलं की महार वतन नावाची चीज अजून जिवंत आहे. आत्याला ते चाळीस वर्षं माहीत आहे. तिच्या उताऱ्यावर भलत्याचीच नावं आहेत, फेरफार कधी झाला ते तलाठी सांगत नाही.

यंदाच्या जयंतीच्या मीटिंगला मी उभा राहून म्हटलं, स्टेजवर येईल त्यानं आधी वतनाच्या जमिनीवर काय केलं ते सांगावं, मग हार. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाला, "भाऊ, बरोबर हाय तुमचं. पण डीजेचे पंचवीस हजार कुणी द्यायचे?" एक पोरगा म्हणाला डीजे नको, वर्गणीत होईल तेवढं करू. दुसरा म्हणाला शेजारच्या मंडळाचा डीजे वाजणार, आपण काय गप बसायचं? तासभर भांडण झालं. आत्या दाराशी बसली होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "मंग कोण कोण येनार हायती यंदा?"